पंचामृतातली रॅकेट

साताऱ्यात अजिंक्य अशा दोनच गोष्टी आहेत, असं गोपाळकृष्ण क्लबात छाती फुगवून सांगत असे. एक, डोक्यावरचा अजिंक्यतारा. आणि दुसरा, तो स्वतः! किल्ला आजवर एकदा सोडून चांगला तीन-चारदा पडलाय, हे त्याच्या तोंडावर कोण सांगणार? कारण हातात ती रॅकेट असली की गोपाळकृष्ण खरोखरच कुणाला ऐकत नसे.

ती रॅकेट म्हणजे 'रॉयल हेरॉन'! अस्सल विलायती, लढाई सुरू व्हायच्या आधी मुंबईहून आणलेली. शाळेत शास्त्र शिकवणारा हा माणूस भर पावसात बायकोला छत्री द्यायला विसरे. पण रॅकेटला आधी फ्लॅनेल, फ्लॅनेलवर मेणकापड आणि थंडीत त्यावर स्वतःची शाल! शरयू म्हणे, "पुढच्या जन्मी मला बॅडमिंटनची रॅकेट कर, असं मी मंगळागौरीला मागून घेतलंय."

तर या रॅकेटच्या जोरावर त्यानं नवरात्रात पैज मारली. सांगलीचे बाळासो वकील कोर्टाच्या कामाला साताऱ्याला आले होते. बाळासोंचा फटका असा, की पिसांचं फूल कानाशेजारून सूं करून जायचं आणि आपण हात वर करेपर्यंत लोक टाळ्या वाजवून मोकळे! कोजागिरीनंतरच्या रविवारी दोघांचा सामना ठरला.

"हरलो तर मिशी उतरवीन!" गोपाळकृष्ण भर क्लबात गरजला.

बाळासोंनी स्वतःच्या मिशीवर ताव दिला. "मंजूर! मी हरलो तर माझी!"

दोन्ही मिश्या तोलामोलाच्या होत्या. क्लबातल्या मंडळींनी साक्षीला सुपारी फोडली.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगतो, पण धोंडुबाईकाकूंच्या कानावर जाऊ देऊ नका. अशा रॅकेटची जाळी मेंढीच्या आतड्याची असते! आणि धोंडुबाईकाकू म्हणजे गोपाळकृष्णला लहानाचा मोठा करणारी चुलती. सोवळं इतकं कडक, की कावळा शिवला तर त्या कावळ्यालाच अंघोळ घालतील. रॅकेट घरात आली त्याच दिवशी त्यांनी नाक मुरडून विचारलं होतं, "गोपाळा, ही जाळी कशाची रे?"

"रेशमाची, काकू! विलायती रेशीम!"

झालं! रेशीम म्हणजे सोवळ्याला चालणारं. रॅकेटला थेट देवघराच्या दाराशी, काकूंच्या सोवळ्याच्या रेशमी मुकट्याशेजारची खुंटी मिळाली.

खंडेनवमीला गोपाळकृष्ण सकाळीच क्लबात जाऊन आला आणि दारातच थबकला. देवासमोर पाटावर विळी होती, अडकित्ता होता, त्याचा टाक आणि दौत होती. मधली जागा मात्र रिकामी.

"काकू, खुंटीवरची रॅकेट कुठाय?"

"अरे, तुझं हत्यार ते! यंदा पैज लागलीय, मग पूजा नको? पंचामृतानं अभिषेक केला, मग कोमट पाण्यानं चोळून काढली. रेशीम कोमट पाण्यानं कसं छान निघतं! गच्चीवर उन्हात घातलीय."

गोपाळकृष्ण जिने चढला की उडाला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. गच्चीवर रॅकेट होती. चौकट पापडासारखी वळलेली, तारा टण्ण टण्ण तुटत होत्या आणि उरलेल्या जाळीवर घरातली मांजरी डोळे मिटून, मान वाकडी करून, दाढेखाली धरून ताव मारत होती!

मागोमाग काकू आल्या. "अगंबाई! मांजराला रेशीम आवडतं होय रे?"

"तूप, काकू! पंचामृतातलं तूप लागलंय ना!" गोपाळकृष्णचा आवाज रडवेला झाला होता.

"खरं सांगून टाका की एकदाचं," तो खाली आल्यावर शरयू कुजबुजली.

"काय सांगू? की इतकी वर्षं देवघराच्या दारात मेंढीचं आतडं टांगलं होतं? काकू उद्या काशीला निघतील, आणि जाताना मला प्रायश्चित्त देऊन जातील!"

आरशात त्यानं मिशी पाहिली. मिशी बिचारी आधीच खाली झुकल्यासारखी दिसत होती.

साताऱ्यात रॅकेट मिळेना. लागलीच त्यानं शाळेत रजा टाकली आणि सांगली गाठली. तिथला दुकानदार तुटकी रॅकेट पाहून हळहळला. "मास्तर, ही आता विसरा. ज्या कारखान्यात ही व्हायची, तिथं म्हणे विमानांची लाकडं कापतात. लढाई संपली तरी ही परत निघायची नाही!" गोपाळकृष्ण मटकन खुर्चीत बसला. दुकानदाराला दया आली. "पण अशीच एक कडेगावला पाहिलीय. सुभेदार लालासाहेबांच्या सोप्यात भिंतीवर आहे."

पेट्रोलची टंचाई, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चाललेली. चढ आला की उतारूंनी ढकलायची! कडेगावला उतरला तेव्हा गोपाळकृष्ण मास्तर न दिसता इंजिनातला फायरमन दिसत होता. पण सोप्यात पाय टाकला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीवर तलवार, तिच्याखाली रॉयल हेरॉन! जशीच्या तशी, कोरी करकरीत!

पेन्शनीत निघालेले लालासाहेब दिलदार गडी. पैजेची हकीकत ऐकून म्हणाले, "कर्नलसायबानं जाताना दिली. मी काय खेळतुय हितं, उसाच्या फडात? न्ह्या की मास्तर! मिशीचा सवाल हाय, लय मोठी बाब हाय!"

गोपाळकृष्णनं हात पुढे केला.

"थांबा!" आतून लालासाहेबांची आई रंगूबाई आली. हातात ताट, ताटात हळदकुंकू, नारळ आणि दुधानं भरलेला तांब्या. "घरातलं हत्यार घराभाईर जातंय. दुधानं न्हाऊ घातल्याबिगर कसं द्यावं?"

गोपाळकृष्ण एक पाऊल मागं सरला. दूध! पुन्हा दूध! मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. इथं काकू थोड्याच आहेत? फौजी माणसाचं घर. इथं खरं बोलायला कसली भीती?

"आजी, नको! ही जाळी मेंढीच्या आतड्याची असते. ओली झाली की कामातून जाते!"

लालासाहेबांनी कपाळाला हात लावला. आणि तेव्हा गोपाळकृष्णला रंगूबाईच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली.

"आतडं?" रंगूबाईचा आवाज चढला. "मेंढराचं? आन मी माळकरीण दर दसऱ्याला त्याला नैवेद्य दावतीय! लाल्या, तुला ठावं हुतं?"

"आये, सायबानं दिल्याली…"

"सायबाला काय इटाळ? आन आता हे असलं बामणाच्या हातात द्यायचं व्हय? पाप लागंल! मास्तर, तुमी बसा. मी शुद्ध करून देती."

"नको हो आजी, मला अशुद्धच चालेल!" गोपाळकृष्ण अक्षरशः हात जोडून म्हणाला.

पण रंगूबाई गोठ्यातून गोमूत्र घेऊन आलीसुद्धा. आधी गोमूत्र, मग दूध, मग पुन्हा गोमूत्र, आणि सगळ्यावर नारळ फोडून त्याचं पाणी! गोपाळकृष्ण उभ्या उभ्या पाहत होता. एवढं रीतसर तर त्याच्या मुंजीतही काही झालं नव्हतं.

परतीच्या वाटेवर जाळी वाळावी म्हणून त्यानं ती मोटारीच्या खिडकीतून बाहेर धरली. वाळली नाहीच, वर कोळशाची पूड बसून काळी झाली. घरी येऊन पाहतो, तर जाळी जुन्या बाजेसारखी झोळ आलेली. बोटानं टिचकी मारली तर आवाजसुद्धा येईना.

"दुसऱ्या कुणाची मागून घ्या," शरयू म्हणाली.

"रॉयल हेरॉनशिवाय मी कधी एक गुण घेतलाय का? जायचीच आहे मिशी, तर हिच्यासोबत जाऊ दे!" तो म्हणाला आणि त्याला खरोखर भरून आलं.

रविवारी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. हौशी मंडळींनी न्हाव्याला आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. बाळासोंनी पहिलाच फटका असा हाणला, की गोपाळकृष्णनं डोळे मिटले आणि रॅकेट नुसती आडवी धरली.

फूल झोळात पडलं. क्षणभर तिथंच विसावलं. आणि मग अगदी आळसावून, मधल्या जाळ्याच्या पलीकडे वीतभर अंतरावर टपकलं!

बाळासो मागच्या रेषेवर उभे होते. ते धावत आले, पण उशीर झाला होता. पुढचा फटका त्यांनी दुप्पट जोरानं मारला. फूल पुन्हा झोळात, पुन्हा टपक! बाळासो पुढे येऊन उभे राहिले, तर गोपाळकृष्णनं घाबरून सगळा जीव लावून रॅकेट फिरवली आणि फूल त्यांच्या डोक्यावरून मागं जाऊन पडलं. फूल कुठं जाणार हे मारणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं, तिथं बाळासोंना कुठून कळणार? शेवटी ते गुडघ्यांवर हात ठेवून उभेच राहिले.

"मास्तर, ही चाल कुठं शिकलात?"

"साधना आहे, वकीलसाहेब!" गोपाळकृष्णनं मिशीला पीळ भरला. न्हावी उठून बाळासोंकडे गेला.

घरी काकूंनी गल्लीभर पेढे वाटले. "माझ्या पंचामृताचा प्रताप!" असं त्या ज्याला त्याला सांगत होत्या, आणि पहिल्यांदाच शास्त्राच्या मास्तरानं त्यांचं म्हणणं खोडून काढलं नाही.

वर्ष गेलं. उन्हाळ्यात जाळी वाळून पुन्हा ताठ झाली, पण हात आता झोळाला सरावला होता, आणि गोपाळकृष्ण क्लबात पोरासोरांकडूनही हरू लागला. तिकडे बाळासोंची मिशी पुन्हा भरघोस उगवली होती, आणि सांगलीहून आव्हान आलं होतं.

खंडेनवमी उजाडली. गोपाळकृष्णनं अंघोळ करून स्वतःच्या हातानं रॅकेट पाटावर ठेवली आणि शेजारी मांडी घालून बसला. काकूंनी जाळीवर अलगद एक फूल वाहिलं.

"यंदा एवढंच हो. मागच्या वर्षी मांजरानं घात केला."

गोपाळकृष्ण घुटमळला. "काकू… थोडं दूध घातलंत तरी चालेल."

"बरं, घालते."

"आणि… घरात असलं तर… जरासं गोमूत्र?"

स्वयंपाकघरातून शरयूच्या हातातलं पातेलं खाली पडल्याचा आवाज आला. काकूंचा हात तांब्यावरच थांबला. त्यांनी रॅकेटकडे पाहिलं, उंबऱ्यावर जिभल्या चाटत बसलेल्या मांजरीकडे पाहिलं, मग सावकाश पुतण्याकडे पाहिलं.

"गोपाळा," त्या म्हणाल्या, "रेशमाला कशाला रे गोमूत्र लागतं?"

साताऱ्यातला दुसरा अजिंक्यतारा त्या दिवशी पडला, आणि तोही घरच्याच माणसाकडून!