टाकीचा सत्कार

एका जंगलात, फार वर्षांपूर्वी, एक आवाज झाला. ठण्ण!

खाडीच्या काठावर एक नवीकोरी लोखंडी टाकी आणून ठेवली होती. एका म्हाताऱ्या खवले मांजरानं तिच्यावर नखानं टिचकी मारली होती. त्याचा मुलगा भिकू तेव्हा एवढासा होता, बापाच्या शेपटीवर बसून फिरण्याइतका.

"बाबा, ही कोण?" भिकूनं विचारलं.

"ही होडीची टाकी. गोडं पाणी साठवायची."

"मग होडी कुठाय?"

"नुसता तळ झालाय बघ. बाकीची व्हायचीय अजून."

बाळांनो, त्या जंगलाची रीतच तशी होती. होडीचा तळ जोडून झाला की लगेच त्यावर टाकी मांडायची. तिला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. मग तिच्याभोवती बाजूच्या फळ्या बांधायच्या, वरून फळ्या ठोकायच्या, आणि आत उतरायला एक लहानसं तोंड ठेवायचं. टाकी त्या तोंडापेक्षा कितीतरी मोठी. ती कधी बाहेर काढायची झाली तर काय, असं कोणी विचारलं नाही. पूजा चालू असताना असलं काही विचारलेलं बरं दिसत नाही.

भिकू मोठा झाला आणि त्या होडीचा तांडेल झाला. होडी सगळ्या जंगलाची, हाकायची भिकूनं. त्याला पोहता येत नव्हतं. कोणी हसलं की तो म्हणे, "पोहता येत नाही म्हणून तर होडीला जपतो." तो कमी बोलायचा. आणि कोणी आवाज चढवला की लगेच अंगाचं वेटोळं करून चेंडू व्हायचा. खवले मांजरांचं असंच असतं. त्यात त्याचा दोष नाही.

वर्षं गेली. टाकी गंजली. तिच्यातून पाणी झिरपायला लागलं आणि तिच्याखालची तळाची फळी कुजली. आता गोडं पाणी खाली जाऊ लागलं आणि खारं पाणी वर येऊ लागलं. भिकूनं होडी ओढून काठावर घेतली.

दुसरा एखादा दिवस असता तर त्यानं सावकाश विचार केला असता. पण त्याची मुलगी चंद्री पलीकडच्या काठावर दिलेली होती, आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हायला हवं. भिकूच्या बायकोनं, आवडाबाईनं, मुंग्यांचे लाडूसुद्धा वळून ठेवले होते. एका सकाळी पलीकडून कावळा विहीणबाईंचा निरोप घेऊन आला.

"त्या म्हणाल्या, न्यायचं असेल तर पाऊस लागायच्या आत न्या. नाहीतर बाळंतपण आम्ही करू."

"बरं," भिकू म्हणाला.

"अजून आहे. आम्ही करू, आणि मग जन्मभर बोलून दाखवू."

आवडाबाईनं हातातला लाडू डब्यात टाकला. "ऐकलंत? आज ती फळी बदला."

"फळी टाकीच्या खाली आहे."

"मग टाकी काढा."

"टाकी तोंडातून निघत नाही."

"मग कापून काढा! मी सांगायला हवं का?"

भिकू हातोडा आणि छिन्नी घेऊन होडीच्या पोटात उतरला. त्यानं टाकीच्या कडेवर छिन्नी धरली. हातोडा मारला. एकच घाव. त्या आवाजानं झाडावरची पाखरं उडाली आणि थोड्याच वेळात होडीवर मोठी सावली पडली.

तो हत्तीअप्पा होता. जंगलातल्या प्रत्येक सभेचा अध्यक्ष. सभा नसली तरी अध्यक्षच.

"तांडेल, कोण मारतंय आमच्या टाकीला?"

"मीच, अप्पा. फळी कुजलीय."

"फळीचं मला सांगू नका! माझे आजोबा या टाकीतलं पाणी प्यायले आहेत!"

आवाज चढला होता. भिकूचा चेंडू झाला आणि तो होडीच्या पोटात गडगडत एका कोपऱ्याला जाऊन लागला.

दुपारी सभा भरली. चंद्रीचं नाव कोणी काढलं नाही, कारण विषय टाकीचा होता.

"टाकी न कापता काढता आली पाहिजे," अप्पा म्हणाले. "खोबरेल लावा. मी स्वतः ओढतो."

टाकीला खोबरेल लावलं. दोर बांधला. अप्पांनी दोर सोंडेत धरून जोर केला. टाकी त्या तोंडाशी आली आणि अडकली. अप्पांनी आणखी जोर केला, तेव्हा टाकीबरोबर अख्खी होडी वर उचलली गेली. खाली बसलेले ससे टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, जमलं. अप्पांना धाप लागली, त्यांनी दोर सोडला. टाकी पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली.

मग बगळेगुरुजी उठले. उठले म्हणजे त्यांनी दुसरा पाय खाली टेकला. अनेक होड्यांच्या शेजारी एका पायावर उभं राहून त्यांनी होड्यांचा अभ्यास केला होता. बसले ते एकाही होडीत नव्हते.

"प्रश्न चुकीच्या बाजूनं मांडला जातोय," गुरुजी म्हणाले. "आपण होडीतून टाकी काढायला बघतोय. त्यापेक्षा टाकीवरून होडी काढावी."

"म्हणजे?" घोरपडीनं विचारलं.

"होडी मोडावी. टाकी सुखरूप राहील."

"वा!" अप्पा म्हणाले. "कोणाची हरकत?"

सगळ्यांनी भिकूकडे पाहिलं. भिकूचा पुन्हा चेंडू झाला होता. चेंडूला हरकत घेता येत नाही. ठराव झाला. उद्या सकाळी होडी मोडायची.

घरी येताना आवडाबाईनं भिकूला पायानं ढकलत ढकलत आणलं. दारात आल्यावर तो उलगडला. त्याचे डोळे ओले होते.

"होडी गेली, चंद्री राहिली," तो म्हणाला. "लेक वाट बघत बसेल गं काठावर."

"रडू नका. पोळ्या खा." आवडाबाईनं ताट त्याच्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "अहो, आपल्या जंगलात सगळ्याला हरकत घेतात. कशाला घेत नाहीत?"

"जेवणाला."

"आणि?"

भिकूनं विचार केला. "सत्काराला."

हे मात्र खरं होतं, बाळांनो. त्या जंगलात सत्काराला कोणी नाही म्हणत नसे. ज्याचा सत्कार आहे त्याच्याशी उभा दावा असला, तरी शालीचं एक टोक धरायला सगळे पुढे येत. आणि एकदा सत्कार झाला की तो सर्वांचा जवळचा होई.

सकाळी सगळे कुऱ्हाडी घेऊन काठावर जमले. आवडाबाई पदर खोचून पुढे झाली.

"अप्पा, एक विचारू? इतकी थोर टाकी. हिचा एकदा तरी सत्कार झालाय का हो?"

अप्पांची सोंड खाली आली.

"नाही झाला," ते म्हणाले. "अरेरे! कसा नाही झाला?"

"मग आधी सत्कार, मग मोडामोडी," घोरपड म्हणाली.

कुऱ्हाडी बाजूला पडल्या. कोणी शाल आणली, कोणी नारळ. शाल टाकीच्या मानानं लहान होती, म्हणून ती नुसती वर ठेवली. मग भाषणं झाली. अप्पा आजोबांवर बोलले. बगळेगुरुजी टाकीच्या मौनावर बोलले, आणि बराच वेळ बोलले. सशांनी सांगितलं की त्यांच्या पणजीचं लग्न याच पाण्यावर झालं. घोरपडीला बोलता बोलता हुंदका आला. तिनं आयुष्यात कधी होडीत पाऊल टाकलं नव्हतं, पण हुंदका खरा होता.

"अशी टाकी पुन्हा होणे नाही," अप्पा शेवटी म्हणाले. "ही माझ्या अंगणात राहील."

"तुमच्या का?" घोरपड म्हणाली. "हुंदका मला आला."

"आणि लग्नाचं पाणी आमचं!" ससे ओरडले.

"अभ्यास माझा आहे," गुरुजी म्हणाले.

झालं. भांडण जुंपलं. शाल दोघांनी दोन बाजूंनी ओढली. भिकू चेंडू होण्याच्या बेतात होता, तेवढ्यात आवडाबाईनं त्याची शेपटी पायाखाली दाबून धरली.

"भांडता कशाला?" ती म्हणाली. "घरातलं मोठं माणूस सगळ्यांचं असतं. एकेक तुकडा न्या आठवण म्हणून. देव्हाऱ्यात ठेवा."

"पण कापणार कोण?" गुरुजी म्हणाले. "हे पवित्र काम आहे."

"पहिला घाव अप्पांच्या हस्ते," आवडाबाई म्हणाली. "पुढचं हे करतील. ह्यांचं काय, हे साधेच आहेत."

अप्पांनी सोंडेत हातोडा धरला आणि छिन्नीवर हलकासा घाव घातला. टाळ्या झाल्या. मग भिकू कामाला लागला. तो छिन्नी चालवी, पत्रा सुटे, आवडाबाई होडीच्या तोंडातून तुकडा वर देई. बाहेर रांग लागली. रांगेत ढकलाढकल झाली.

"तांडेल, मला कडेचा द्या!"

"मला जरा मोठा. घरात माणसं जास्त आहेत!"

"काका, आमच्या आत्यासाठी पण एक!"

तळाचा भाग तर नुसता गंज होता. भिकूला वाटलं, तो आपल्यालाच उचलून टाकावा लागणार. तो बगळेगुरुजींनी मागून घेतला. त्यात इतिहास दिसतो म्हणाले. ऊन उतरायच्या आत होडीचं पोट रिकामं झालं. कुऱ्हाडीसुद्धा सगळे विसरून गेले. त्यांतल्याच एका कुऱ्हाडीनं भिकूनं नवी फळी तासली.

दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात गेली. ती हलकी झाली होती, हाकायला गंमत वाटत होती. भिकू पलीकडे पोचला तेव्हा चंद्री गाठोडं घेऊन काठावरच बसली होती.

"बाबा, उशीर केलात."

"सत्कार होता गं," भिकू म्हणाला.

विहीणबाई काठावर आल्या होत्या. त्यांना बरंच बोलायचं होतं. पण होडी निघाली.

चंद्रीला होडीचं पोट फार आवडलं. टाकी गेल्यामुळे तिथे ऐसपैस जागा झाली होती, आणि गारही होतं. होडी अलीकडच्या काठाला लागली तरी ती उतरेना. आवडाबाईनं तिथेच सुकं गवत अंथरलं. तिथेच ती बाळंत झाली. बाळ गुलाबी होतं आणि त्याचे खवले अजून मऊ होते. भिकूनं ते पहिल्यांदा हातात घेतलं आणि त्याचा चेंडू झाला. या वेळी कोणी ओरडलं नव्हतं. तो बाळाभोवती झाला होता.

पुढे एका सकाळी हत्तीअप्पा आले. सोंडेत टाकीचा तुकडा, पाठीवर शाल. काल मोठी सभा झाली होती. घरोघर तुकडे पायाला लागत होते, आणि गंजाचे डाग पडत होते. म्हणून ठराव झाला होता की सगळे तुकडे गोळा करून, जोडून, टाकी पुन्हा होडीत बसवावी. तिच्या मूळ जागी. समारंभपूर्वक. भाषण अप्पांनी येता येता पाठ केलं होतं.

त्यांनी होडीच्या तोंडातून आत डोकावलं. तुकडा बाजूला ठेवला आणि घसा साफ केला.

"बंधूंनो आणि भगिनींनो—"

"श्शू," चंद्री डोळे न उघडता म्हणाली.

तिच्या शेपटीवर बाळ झोपलं होतं. शेजारी भिकू, भिकूशेजारी आवडाबाई. मूळ जागी सगळी मिळून घोरत होती.

अप्पा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तुकडा उचलला, सोंडेनं घट्ट धरला, वाजू नये म्हणून. आणि जन्मात पहिल्यांदाच एक शब्दही न बोलता, एकेक पाय जपून टाकत, ते निघून गेले.

तात्पर्य : नको झालेली वस्तू टाकायला चार माणसं मिळत नाहीत, तिला थोर म्हणा, रांग लागते. आणि बाळांनो, उद्या तुम्ही मोठे झालात आणि कोणी शाल घेऊन तुमच्या दारात आलं, तर आधी त्याच्या दुसऱ्या हातात छिन्नी नाही ना, तेवढं बघून घ्या.