दोन काठांवरची लोळण

बाळांनो, एका जंगलातून एक नदी वाहत होती. अलीकडे सिंहाचं राज्य, पलीकडे वाघाचं. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून दोघांनीही आपापल्या काठावर भिंत बांधायला काढली.

दोन्ही भिंतींचा ठेका एकाच कोल्ह्याकडे होता. पुलावरून ये-जा करायची मुभा फक्त त्यालाच होती.

दगड वाहायला गाढवं होती. अलीकडच्या गाढवांची संघटना होती आणि तानी गाढवीण तिची चिटणीस. संघटनेने भांडून एकच गोष्ट मिळवली होती. दुपारी खाणीतल्या धुळीत घटकाभर लोळायची सुट्टी.

एके दिवशी कोल्ह्याने तीही बंद केली.

"पलीकडची गाढवं मुळीच लोळत नाहीत," तो म्हणाला. "म्हणून त्यांची भिंत भराभर चढतेय. देशाची काही लाज?"

गाढवांना लाज वाटली. ती न लोळता दगड वाहू लागली. आठव्या दिवशी म्हातारा भैरू ओझ्यासकट खाली बसला. त्याच्या पाठीची सालटी निघालेली पाहून तानीला रडू आलं. मग राग आला. पलीकडच्या गाढवांचा.

संध्याकाळी ती पाण्यावर गेली. नदी आटून ओढ्याएवढी झाली होती. समोर पलीकडची जमना गाढवीण पाणी पीत होती.

"काय गं ए," तानी फुरफुरली, "लोळायला काय होतं तुम्हाला? तुमच्यापायी आमच्या पाठी मोडल्या!"

"आमच्यापायी?" जमनाचे कान ताठ झाले. "बाई, तुम्ही लोळत नाही म्हणून तर त्या कोल्ह्याने आमचं लोळणं बंद केलं!"

दोघींनी एकदमच पुलाकडे पाहिलं. मग दोघींनी कोल्ह्याला ज्या शिव्या दिल्या, त्या मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात.

"उद्या दुपारी ऐन काठावर लोळायचं," जमना म्हणाली. "एकमेकींना दिसेल असं."

तानीने हे संघटनेला सांगितलं.

"आणि त्या नाही लोळल्या तर?" भैरूने विचारलं. "शेवटी परकी गाढवं ती."



दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने पाठीवरचे दगड टाकले आणि काठावर आडवी झाली. चारही पाय वर. एकटीच. बाकीची नुसती बघत उभी. कोल्हा काठी घेऊन धावला. तानीने डोळे घट्ट मिटले.

"ऊठ! जरा पलीकडे बघ, तिथे कुणी..." कोल्हा मध्येच थांबला.

पलीकडे धुळीचा लोट उठला होता. त्यात नुसते पाय हलत होते.

मग अलीकडची गाढवंही धपाधप आडवी झाली. कोल्हा पुलावरून पलीकडे पळाला. तिथल्या गाढवांनी त्याला अलीकडे बोट, म्हणजे खूर दाखवला. तिन्हीसांजेपर्यंत तो असा धावत राहिला. शेवटी जीभ बाहेर काढून त्याने दोन्हीकडची सुट्टी परत दिली.

ही बातमी कळताच सिंह आणि वाघ आयुष्यात पहिल्यांदा पुलावर भेटले. गळाभेट झाली. हारतुरे झाले. गाढवांनी सीमेपलीकडे बोलणं हा देशद्रोह आहे, यावर दोघांचं तत्काळ एकमत झालं. गाढवं एकमेकांना दिसू नयेत म्हणून भिंती दुप्पट उंच करायचा हुकूम निघाला.

हुकूम तानीला वाचून दाखवला. तिने तो उताणी पडूनच ऐकला.

"पलीकडे विचारून सांगते," ती म्हणाली.

तात्पर्य : राजे भेटले तर मैत्री, गाढवं भेटली तर फितुरी. तेव्हा मुलांनो, शेजारच्या देशातल्या गाढवाशी कधीही बोलू नये. न जाणो, त्यालाही तेच सांगितलेलं असायचं.