बंद पडणे (अनपेक्षित)

लॅपटॉप बंद करणं आणि लॅपटॉप बंद पडणं या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं. पहिलीत माणसाची इच्छा असते, दुसरीत लॅपटॉपची. जलमापक कार्यालयाने मला दिलेल्या लॅपटॉपला ही इच्छा सुरू केल्यापासून बरोबर सव्विसाव्या मिनिटाला होत असे. आधी पंखा घरघरायचा, मग बूड तापायचं, मग पडदा काळा. लोकांच्या घरच्या पाण्याच्या मीटरांचे आकडे भरणं हे माझं काम. ते सव्वीस-सव्वीस मिनिटांच्या तुकड्यांत व्यवस्थित चालायचं. मधल्या वेळात मी खिडकीबाहेर बघायचो. वरिष्ठांनी त्याची नोंद ‘चिंतनशील’ अशी केली होती.

अडचण आली ती बदलीच्या अर्जापाशी. माझी बायको सहा तासांवरच्या शहरात नोकरी करते. लग्नाला तीन वर्षं झाली. त्यांतले एकत्र काढलेले दिवस मोजायला दोघांच्या हातापायांची बोटं पुरतात. तिने तिकडे जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या घेतल्या आहेत. एकीवर ती बसते, दुसरीवर इस्त्रीचे कपडे बसतात. बदलीचा अर्ज वर्षातून एकदाच, नऊ दिवस, ऑनलाइन भरता येतो. भरायला चाळीस मिनिटं लागतात. अर्धवट जतन करता येत नाही. शिवाय तो स्वतःच्याच कार्यालयीन लॅपटॉपवरून भरावा लागतो. दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून भरल्यास दुसऱ्याची बदली होते. गेल्या वर्षी एकाची झाली. तो अजून तिकडेच आहे.

चाळीस वजा सव्वीस, चौदा. माझा संसार या चौदा मिनिटांवर अडला होता.

पहिले दोन दिवस मी घरगुती उपाय केले. चार्जर बदलला. बॅटरी काढून पुन्हा बसवली. पंख्याच्या जाळीतली धूळ दाढीच्या ब्रशने काढली, तेव्हा माझ्याआधी हा लॅपटॉप वापरणाऱ्या तिघांचे केस हाती लागले. शेवटी तो दोन डब्यांवर ठेवून खालून टेबलफॅन लावला, तर गडी सत्ताविसाव्या मिनिटापर्यंत गेला.

“सुधारतोय गं,” मी फोनवर म्हणालो.

“अरे, या वेगाने आपण निवृत्त झाल्यावर भेटू,” बायको म्हणाली.

संध्याकाळी टेबलफॅन जळाला आणि लॅपटॉप पूर्वपदावर आला.

तिसऱ्या दिवशी मी दुरुस्ती कक्षात गेलो. तिथल्या मॅडमसमोर बिघाडांची छापील यादी होती. माझा बिघाड सातव्या क्रमांकावर होता : ‘बंद पडणे (अनपेक्षित)’. मला हायसं वाटलं. सरकारी यादीत आपलं दुःख सापडणं हे निम्मं औषध असतं.

“कधी बंद पडला?” मॅडमनी विचारलं.

“रोज पडतो. सव्विसाव्या मिनिटाला.”

मॅडमचं पेन थांबलं. “रोज?”

“हो. घड्याळ लावून घ्या.”

“उद्या पडेल?”

“पडेलच ना!”

“मग तो अनपेक्षित कसा?”

मी यादीकडे बघितलं. ‘बंद पडणे (अपेक्षित)’ असा बिघाड तिच्यात नव्हता.

“पहिल्यांदा पडला तेव्हाच यायचं होतं,” मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “आता तुम्हाला सवय झाली. तुमची अपेक्षा आहे की तो पडेल, आणि तो पडतो. म्हणजे अपेक्षेप्रमाणे चालतोय. अपेक्षेप्रमाणे चालणारी वस्तू आम्ही दुरुस्त करायला घेतली, तर उद्या लोक चांगल्या वस्तूही घेऊन येतील.”

“पण मॅडम, तो खरंच बंद पडतो हो.”

“मी कुठे नाही म्हणतेय? फक्त तुम्हाला ते माहीत नसायला हवं.”

यावर एक उपाय होता. अपेक्षा निरीक्षकांसमक्ष लॅपटॉप बंद पडावा, त्या क्षणी मला त्याची अपेक्षा नव्हती असं त्यांनी प्रमाणित करावं, म्हणजे सातव्या क्रमांकाखाली दुरुस्ती मंजूर. मी अर्ज केला. हाताने.

चौथ्या दिवशी निरीक्षक माझ्या मागच्या कपाटाआडून आले. त्यांचं येणं अनपेक्षित असावं लागतं, म्हणून ते सकाळपासून तिथे उभे होते. बारीक अंगाचे, गळ्यात स्टॉपवॉच, वहीवर चिकटपट्टीने चिकटवलेलं पेन.

“बायकोचं नाव अपेक्षा आहे का?” त्यांनी आधी विचारलं.

“नाही.”

“बरं झालं. मागे एकाचं प्रकरण त्यावरच अडकलं.”

मी आकडे भरायला लागलो. सव्विसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. मी डोळे विस्फारले, हात छातीवर ठेवला, “अरे देवा!” असंही म्हणालो. निरीक्षकांनी वही मिटली.

“पंचविसाव्या मिनिटाला तुम्ही फाइल सेव्ह केलीत.”

“सवयीने.”

“चोविसाव्यालाही. ज्याला भविष्याची शाश्वती आहे तो माणूस इतकं सेव्ह करत नाही. नापास.”

पाचव्या दिवशी मी काहीही सेव्ह केलं नाही. एकशे बारा घरांचे मीटर रामभरोसे सोडले. पंचवीस मिनिटं असा बसलो की जणू लॅपटॉप मला आयुष्यभर साथ देणार आहे. निरीक्षकही खूश दिसत होते. तेवढ्यात फोन वाजला. कार्यालयीन वेळेतलं संभाषण निरीक्षकांना ऐकू येणं बंधनकारक असल्याने मी तो स्पीकरवर घेतला. बायको मला भाजी निवडावी तसा तिचा दिवस सांगत होती आणि लॅपटॉप बंद पडला.

“अगं! बंद पडला!” मी मनापासून ओरडलो.

“वाटलंच होतं मला!” बायको म्हणाली.

निरीक्षकांनी खेदाने मान हलवली. “कुटुंबातल्या एका व्यक्तीची अपेक्षा ही संपूर्ण कुटुंबाची अपेक्षा धरली जाते.”

“साहेब, ती प्रत्येक गोष्टीला असंच म्हणते! आमचं लग्न ठरलं तेव्हाही म्हणाली होती!”

“मग त्यांना प्रशिक्षणाची जास्त गरज आहे,” निरीक्षक फोनकडे तोंड करून म्हणाले. “ताई, पुढच्या चाचणीपर्यंत काहीही वाटून घेऊ नका.”

“अहो, तुम्ही कोण मला सांगणार?” फोनमधून आवाज आला. “तीन वर्षं मी त्या खुर्चीवर कपडे ठेवतेय, कपडे!”

‘खुर्ची रिकामी नाही,’ निरीक्षकांनी लिहून घेतलं.

सहाव्या, सातव्या आणि आठव्या दिवशी माझं अपेक्षामुक्ती प्रशिक्षण झालं. लिफ्टचं बटण दाबायचं, आणि लिफ्ट येईल किंवा येणार नाही यांपैकी काहीच मनात आणायचं नाही. खुर्चीत बसायचं, पण ती खाली असेलच असं धरून चालायचं नाही. पहिल्या दिवशी मी चार वेळा पडलो. तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर आत पोळीऐवजी निरीक्षकांचा चष्मा होता. मी तो पुसला, घडी घातली आणि त्यांना दिला.

“प्रगती आहे,” ते गहिवरून म्हणाले. पोळी कुठे गेली हे मी विचारलं नाही.

नवव्या दिवशी, म्हणजे अर्जाच्या शेवटच्या दिवशी, अंतिम चाचणी होती. मी ठरवलं, वेळ फुकट कशाला घालवायचा, बदलीचाच अर्ज उघडून बसू. नाव, हुद्दा, रक्तगट. ‘पती-पत्नी एकत्र राहू इच्छित असल्यास कारण द्या.’ मी कारण दिलं. ‘यापूर्वी कारणाविना कसे चालले?’ तेही सांगितलं. सव्वीस मिनिटं झाली. सव्वीस मिनिटं दहा सेकंद. सत्तावीस.

मी ताडकन उभा राहिलो. “साहेब, हा चालूच आहे!”

“का दचकलात?” निरीक्षक म्हणाले. “बंद न पडल्याचं आश्चर्य वाटलं, म्हणजे पडेल ही अपेक्षा होती. नापास. अंतिम.”

पण आता मला कोण पास करतंय याच्याशी काय देणंघेणं? लॅपटॉप चालत होता! पंखा सतारीसारखा वाजत होता. तिसावं मिनिट. मी पालकांचा जन्मतपशील भरला. तेहतिसावं. घरापासून जवळच्या पाणवठ्याचं अंतर भरलं. निरीक्षकही नापास केल्याचं विसरून माझ्या खांद्यावरून वाचायला लागले. “पिनकोड चुकलाय,” ते हळूच म्हणाले. मी तो दुरुस्त केला. मला तिकडची ती खुर्ची दिसायला लागली. अडतिसावं मिनिट. शेवटचं पान, त्यावर एकच हिरवं बटण : ‘सादर करा’. मी बाण त्याच्यावर नेला, बोट उचललं, आणि पडदा काळा झाला.

मग माझ्या घशातून जो आवाज निघाला, तसा मी आयुष्यात कधी काढला नव्हता.

“शाब्बास!” निरीक्षक ओरडले. “हे अनपेक्षित होतं! अगदी शुद्ध! वीस वर्षांच्या नोकरीत असं पाहिलं नाही हो!” त्यांनी मला मिठी मारली आणि माझ्याच पाठीवर कागद ठेवून प्रमाणपत्रावर सही केली.

लॅपटॉप पुरावा म्हणून सीलबंद झाला. संध्याकाळी मुदत संपली. मात्र नियमात तरतूद आहे : ‘प्रमाणित अनपेक्षित कारणाने अर्ज राहिल्यास नवीन लॅपटॉप व तीस दिवसांनंतर एक वाढीव संधी.’

मी बायकोला फोन केला. “मिळणार गं संधी! फक्त तीस दिवस हरकती मागवतात. हे असं होणार, हे कोणालाही आधी वाटलं असेल तर त्याने लेखी कळवायचं. एक जरी पत्र आलं, तरी प्रमाणपत्र रद्द.”

“कोणालाही म्हणजे?”

“सगळी हकिकत जशीच्या तशी छापायची असते. जो वाचेल तो.”

पलीकडून कपड्यांची चळत उचलून दुसरीकडे ठेवल्याचा आवाज आला.

तर नियमाप्रमाणे हकिकत छापली आहे. आता आपण दोघंच आहोत, तर खरं सांगा. अडतिसाव्या मिनिटाला माझं बोट वर गेलं तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना? कळलंच असणार. तुम्हीही अर्ज भरलेले आहेत. पण कृपा करून तेवढं पत्र पाठवू नका. समोर काय होणार हे स्पष्ट दिसत असताना गप्प बसणं तुम्हाला काही नवीन नाही. आजवर ते कोणाच्या ना कोणाच्या सोयीचं झालंच आहे. या खेपेला माझ्या होऊ द्या.