नाव लावून सांगणारा सुपडूभाऊ

नट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला माहीत आहे. काळा गॉगल, काळी गाडी आणि मागे काळ्या कपड्यातले दोन रेडे. ते सगळं आधी बाजूला ठेवा. आमच्या सुपडूभाऊकडे गॉगल आहे, पण तो मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला हिरवा. गाडीही आहे, पण ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. आणि मागे कोणी चालत असलंच तर आमच्या गल्लीतलं तांबडं कुत्रं.

आता तुम्हाला वाटेल, हा पोरगा एका साध्या, मातीतल्या कलावंताचं कौतुक सांगणार. तेही बाजूला ठेवा. मी त्या माणसावर जळतो. भरताचं वांगं तुरकाठ्यांच्या जाळावर जळतं ना, तसा. वरून काळा आणि आतून मऊ वगैरे काही नाही, आतूनही काळाच.

सुपडूभाऊची खोड अशी की त्याला प्रत्येक गोष्टीत काहीतरी म्हणायचं असतं, आणि म्हणून झालं की शेवटी तो एक वाक्य जोडतो. "मनं नाव लाईसन सांग." म्हणजे माझं नाव लावून सांग. आपण काय करतो, बोलतो आणि वर म्हणतो, माझं नाव सांगू नको बरं का. हा उलटा. हॉटेलात शेवभाजी आली, एक घास खाल्ला, पोऱ्याला हाक मारली. रस्सा पातळ शे, मालकाला सांग, मनं नाव लाईसन सांग. एसटीत कंडक्टरला, दवाखान्यात डॉक्टरला, देवळात पुजाऱ्याला. एकदा स्मशानात सरणाची लाकडं ओली निघाली, तर तिथेही ज्याच्या वखारीतून आली होती त्याला निरोप गेला, नाव लावून.

जळगाव-धुळे रस्त्यावरचं आमचं गाव, म्हणजे गाव म्हटलं तर शहराला राग येत नाही आणि शहर म्हटलं तर गावाला हसू येतं, असं. तिथून हा माणूस मुंबईला गेला आणि टीव्हीत दिसू लागला. घरच्यांनी जन्मल्यावर सुपात घालून ओढला म्हणून नाव सुपडू. टीव्हीत त्याचं नाव काहीतरी गुळगुळीत लिहून यायचं, पण गावात कोणी ते वापरलं नाही. एका मालिकेत तो काकासाहेब होता. खूप वर्षं चालली ती. काकासाहेब जेवताना उठले की आमच्या गल्लीतल्या बायासुद्धा जेवत नव्हत्या. माझी माय तर त्यांच्या सुनेला टीव्हीपुढे बसून शिव्या द्यायची.

मग एका चॅनलवाल्याने त्याला विचारलं, काकासाहेब, यंदा तुमच्याकडे लग्नसराई कशी आहे? साधा प्रश्न. याने सांगायचं की छान आहे. तर हा म्हणाला, "आमच्याकडे प्रत्येक लग्नात साहेब येतात. अक्षता टाकतात, फोटो काढतात. त्याच साहेबांकडे कापसाचा भाव विचारायला गेलं की साहेब आंघोळीला गेलेले असतात. एवढी आंघोळ करून माणूस स्वच्छ कसा होत नाही, हे मला विचारायचंय. माझं नाव लावून विचारा."

विचारलं त्यांनी, नाव लावून. सगळ्या फोनवर ते फिरलं. त्याच आठवड्यात मालिकेतले काकासाहेब तीर्थयात्रेला निघाले. अजून परत आलेले नाहीत.

मालिकावाल्यांनी त्याला समजावलं म्हणतात. माझ्या बोलण्याचा चुकीचा अर्थ काढला गेला, एवढं एक वाक्य बोल, आम्ही काकासाहेबांना परत आणतो. भाऊ म्हणाला, अर्थ अगदी बरोबर काढलाय, म्हणून तर राग आला. मग दुसऱ्या पक्षाचे लोक हारतुरे घेऊन घरी आले. त्यांना याने चहा पाजला आणि तुमची सत्ता होती तेव्हा तुम्हीही कमी आंघोळी केल्या नाहीत, असं सांगितलं. हार तसाच टेबलावर राहिला. झालं, दोन्हीकडचे गेले. गावात परत आला तो सुपडूभाऊ, हिरवा गॉगल लावून, ढकलगाडीसकट.

आता इथपर्यंत जळण्यासारखं काही नाही, हे मलाही कळतं. पुढे ऐका.

मी मिमिक्री करतो. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून अख्ख्या शाळेला सुट्टी दिली होती, तेव्हापासून. त्यावर पोट भरत नाही, म्हणून लग्नात माईक धरतो. आमच्या खान्देशातलं लग्न म्हणजे अर्धं लग्न आणि अर्धी सभा. नवरा-नवरी उभे राहून थकतात, पण माईकवर नावं चालूच. अमुक भाऊंचं आगमन झालंय, तमुक नानांचं स्वागत, ढमुक आबा आशीर्वाद देतील. नाव घ्यायचं राहिलं तर माणूस जेवत नाही, सरळ गाडीला किक मारतो. ती नावं घेणारा मी. आणि मुहूर्त लांबला की मधल्या वेळात मिमिक्री. त्यात सगळ्यात चालणारा आयटम कोणता? सुपडूभाऊचा. जड आवाज, मध्येच थांबणं, मान एका बाजूला टाकणं आणि शेवटी ती आंघोळ. आंघोळीला मंडप फुटायचा.

म्हणजे बघा, त्याच्या एका वाक्यावर त्याची मालिका गेली आणि माझी लग्नं वाढली. तरी जळायचं मीच. कारण त्या माणसाने सिनेमा काढायला घेतला.

कोणी निर्माता नाही, कोणी हिरॉईन नाही. कॅमेरामन म्हणून आमचा रफिक, लग्नाची शूटिंग करणारा. तोच रफिक, तोच कॅमेरा, ज्याने गावातल्या प्रत्येक नवरीला रडताना टिपलंय. लग्न नसलं की सिनेमा. आणि नट कोण? बठ्ठा गाव, म्हणजे सगळाच. चहावाला घेतला. सलूनवाला घेतला. मला लाजून जो कधी नमस्कार करत नाही त्या टेलरला चार ओळी दिल्या. आमच्या मायला घेतलं. माझ्या मायला! तिने दारात बसून पाखडायचं आणि "आता कोण बोलवतं त्यांना" एवढं म्हणायचं. ते वाक्य घरात इतक्या वेळा ऐकलं की माझ्या म्हशीलाही पाठ झालं. म्हशीलाही घेतलं होतं, हे सांगायचं राहिलं. जवळून घेतलं, नुसते डोळे.

मी वाट बघत होतो. गावात एकच माणूस आहे ज्याला अभिनय येतो, आणि त्याच्या घरातल्या म्हशीपर्यंत सगळ्यांना बोलावणं येऊन गेलं. मी केस वाढवले. दोनदा त्याच्या दारावरून उगाच गेलो. भाऊने ओट्यावरून हाक मारली, मी धावलो, तर म्हणाला, गाडीला जरा धक्का मार. मी मारला. अशी धुसफुस मी आयुष्यात कधी केली नव्हती.

मायला मी विचारलं, नेमकी गोष्ट काय आहे सिनेमाची? ती म्हणाली, एक म्हातारा नट शे, त्याला कोणी बोलावत नाही. मी म्हटलं, त्यात काय गोष्ट आहे, हे तर आम्ही रोज बघतो. माय म्हणाली, "तो चांगला माणूस शे. तुनं काबर पोट दुखस?"

दुखतं. आणि का दुखतं म्हणून विचारणाऱ्या बाईला सिनेमात घेतलं होतं.

वर गंमत म्हणजे हा माणूस लग्नाला यायचा. पत्रिका सगळे देतात, जुनी सवय, पण देताना मला हळूच सांगतात, पिंट्या, सुपडूचं नाव घेऊ नको हां माईकवर. आणि माईक तर त्याच्या हाती बिलकुल देऊ नको. कारण एकदा पारोळ्याकडे एका लग्नात दिला होता, नवरदेवाला आशीर्वाद म्हणून, आणि त्याने कालव्याच्या पाण्यावर असं काही सांगितलं की पुढच्या रांगेतले तिघे न जेवता उठले. तेव्हापासून सुपडूभाऊ मागे, अगदी शेवटच्या रांगेत, कूलरच्या बाजूच्या खुर्चीत. मी सगळ्यांची नावं घ्यायचो, त्याचं सोडून. मग आयटम सुरू करायचो, त्याच्याच आवाजात, त्याच्याच समोर. मला वाटायचं, हा मला हिणवायला येतो. माझं ऐकून घरी जाऊन रफिकला सांगत असेल, बघ, हा पोरगा किती कच्चा आहे, म्हणून तर घेतला नाही.

रफिकचंही काहीतरी बिनसलं होतं. तो हल्ली नवरीवर कॅमेरा ठेवायच्या ऐवजी माझ्यावर ठेवायचा. एका नवरीच्या बापाने तर भांडण काढलं, की व्हिडिओत आमची पोरगी कमी आणि हा माईकवाला जास्त दिसतोय. मला वाटलं, केस वाढवल्याचा परिणाम.

मग धुळ्याच्या अलीकडे, हायवेच्या लॉनवर, आबासाहेबांच्या पोरीचं लग्न आलं. आबासाहेब म्हणजे आमच्या भागातले मोठे शेतकरी, आणि त्यांच्या मांडवात पहिल्या सोफ्यावर साहेब येणार होते. साहेब म्हणजे ते आंघोळवाले साहेबच. मला कोपऱ्यात घेऊन आबासाहेब म्हणाले की लोकांना सुपडूचा आवाज पाहिजे, तो कर. पण आंघोळीचं नको. मी म्हटलं, आबा, त्याशिवाय आयटमला मजा नाही. ते म्हणाले, पुढची दोन लग्नं माझ्याच घरातली आहेत. मी म्हटलं, आंघोळीचं नको तर नको. खरं सांगू, मनात असंही होतं की त्याच्या वाक्यावर मी का टाळ्या घ्याव्या? त्याने मला काय दिलं? माझ्या म्हशीला दिलं.

नवरदेवाची वरात रस्त्यावर नाचत होती, मुहूर्त कधीच गेला होता. मी माईक घेतला. मान टाकली, आवाज जड केला. "आमच्याकडे प्रत्येक लग्नात..." पहिल्या वाक्यालाच मंडप हलला. साहेबही हसले, मोठ्या मनाचे असल्यासारखे. मी सहज मागे बघितलं. कूलरजवळ सुपडूभाऊ बसलेला. हिरवा गॉगल काढून हातात घेतलेला. आणि त्याचे ओठ हलत होते.

मी बोलत होतो आणि तिकडे त्याचे ओठ तेच शब्द बोलत होते, आवाजाशिवाय. मी थांबलो तिथे तो थांबत होता. मी हात वर केला तसा त्याचाही खुर्चीच्या हातावरून थोडासा उठला. इतक्या लग्नांत मी कधी त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. मी बघत होतो पुढच्या सोफ्याकडे.

"अक्षता टाकतात, फोटो काढतात," मी म्हटलं, आणि आंघोळ आली. मी ती उडी मारून ओलांडली. म्हटलं, "आणि सगळे पोटभर वरण-बट्टी खाऊन जातात! मनं नाव लाईसन सांगा!" टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या.

पण मागच्या रांगेत ओठ हलतच होते. माझं बोलणं संपलं, टाळ्याही संपत आल्या, आणि तिथे तो माणूस एकटाच ते राहिलेलं वाक्य पूर्ण करत होता. आंघोळ, कापूस, सगळं. पूर्ण झाल्यावर त्याने गॉगल घातला आणि नाही म्हणून मान हलवली. माझ्याकडे नाही, रफिककडे. रफिकने कॅमेरा खाली केला.

जेवणाच्या पंगतीमागे, हात धुवायच्या टाकीजवळ त्याने मला गाठलं. रफिक शेजारी उभा होता, तोंड असं केलेलं की जणू त्याचीच पोरगी सासरी गेली. तोच आधी बोलला. म्हणाला, पिंटूभाई, तुझाच सीन होता हा. शेवटचा. म्हातारा नट लग्नात मागे बसून स्वतःचा आवाज ऐकतो, तिथे सिनेमा संपतो. कधीपासून घेतोय, कधी लाईट जाते, कधी डीजे मध्ये येतो. आज सगळं बरोबर होतं, फक्त तू आंघोळ गाळलीस.

मी म्हटलं, मग मला सांगायचं ना. माझा आवाज बारीक झाला होता, माझाच, कोणाचा काढलेला नव्हता.

सुपडूभाऊ म्हणाला, "तुले सांगं असतं तर तू अभिनय करता. माले अभिनय नको होता, माले मी पाहिजे होतो." मग नळ बंद करून त्याने हात धोतराला पुसले. तो ओरडला नाही. काकासाहेबसुद्धा कधी ओरडत नसत. "टीव्हीवाल्यांनी बंद केलं, माईकवाल्यांनी बंद केलं. आता या जिल्ह्यात मी फक्त तुझ्या तोंडात शिल्लक आहे, आणि तेवढ्यासाठी मी दर लग्नात येऊन बट्टी खातो, मला बट्टी पचत नाही तरी."

  मी त्याचा हात धरायला गेलो, तर त्याने तो मागे घेतला आणि माझ्या वाढलेल्या केसांकडे बघितलं.

"हे आधी काप. तो टेलर तुझ्यापेक्षा बरा दिसस. आणि मी मान उजवीकडे टाकतो, तू डावीकडे टाकतोस, इतक्या दिवसांत तुला दिसलं नाही? टीव्हीवाल्यास्नी माले कापं, ते त्यास्नं कामच शे. तू मनं वाक्य काबर कापं रे भो? पुढच्या लग्नात बठ्ठं बोल. नसेल बोलायचं तर मिमिक्री सोड आणि गाडीला धक्का मारायला ये. आणि तुझ्या त्या आबासाहेबांना सांग, बट्टी कच्ची राहिली होती. मनं नाव लाईसन सांग."