पोह्यांचा चमचा

रुचिराला बघायला पाहुणे यायच्या आधी विभावरीबाईंनी नवऱ्याला कमरेचा पट्टा कुर्त्याच्या आत घालायला लावला.

"पाठीचं बोलायचं नाही," त्यांनी बजावलं. "घराण्यातच दुखणं आहे वाटेल त्यांना. चांगलं स्थळ हातचं जाईल."

"अगं, मणक्यातली गादी माझी सरकली. रुचिराची थोडीच सरकून राहिली?"

"डॉक्टर वाकू नका म्हणाले, तर तुम्ही झाडूपण उचलत नाही! माझी कंबर बघा, एकदम फिट."

मुरलीधरराव गप्प बसले. म्हणजे उभेच राहिले. खमरियाच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमधला सोफा इतका खचलेला होता, की त्यातून उठताना त्यांचं बिंग फुटलंच असतं.

मुलगा केतन आणि त्याची आई सुनेत्राबाई आले.

"बसा ना," मुरलीधरराव म्हणाले.

"आधी तुम्ही बसा जी."

"नाही नाही, मी ठीक आहे."

मुलीचा बाप हात बांधून उभा, मग सुनेत्राबाई तरी कशा बसणार? आई उभी म्हणून केतन उभा, आणि पाहुणे उभे म्हणून घरचे सगळे उभे. रुचिराने उभ्याउभ्याच पोहे दिले, कमानिया गेटच्या बाजारातून आणलेली खोव्याची जिलबी दिली. एखाद्या लग्नातल्या बुफेसारखं सगळे हातात बश्या घेऊन एकमेकांकडे बघून हसत होते.

तेवढ्यात सुनेत्राबाईंचा चमचा खाली पडला, तो नेमका त्यांच्या आणि मुरलीधररावांच्या मधोमध. ते चमच्याकडे बघत राहिले. सुनेत्राबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. हा माणूस इतका आखडू काहून, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसू लागलं.

स्थळ जातंय हे पाहून विभावरीबाई झटकन पुढे झाल्या, चमचा उचलायला वाकल्या, आणि सुनेत्राबाईंच्या पायाशी तशाच राहिल्या.

"अगंबाई! पाया काय पडून राहिल्या?" सुनेत्राबाई गहिवरल्या. "मुलीच्या आईनं वाकायचे दिवस गेले आता. माझा होकार आहे, उठा!"

"उठते... उठतेच आहे," जमिनीकडे बघत विभावरीबाई कण्हल्या.

केतन त्यांना उचलायला धावला.

"भैया, ओढू नका!" मुरलीधरराव ओरडले. "विभा, गुडघे टेक. हळू. आता कुशीवर हो. रुचिरा, गुडघ्यांखाली उशी दे."

हे सांगता सांगता त्यांनी कुर्ता वर करून चर्रकन स्वतःचा पट्टा सोडला आणि बायकोपुढे धरला. मग त्यांच्या लक्षात आलं, की सुनेत्राबाई त्या पट्ट्याकडेच बघतायत. रुचिराचा चेहरा उतरला.

"कधीपासून हे?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"चार महिने झाले. लपवायला नको होतं," मुरलीधरराव पडल्या आवाजात म्हणाले.

सुनेत्राबाईंनी मोठा श्वास घेतला आणि त्या धपकन सोफ्यात बसल्या.

"चलो, सुटले! माझे गुडघे कधीचे बोंबलून राहिले. हाच म्हणाला, मम्मी, गुडघ्याचं तिथे बोलू नको."

केतन छताकडे बघू लागला. रुचिरा खुदकन हसली आणि तोही हसला.

चटईवर आडव्या पडल्यापडल्या, कमरेला नवऱ्याचा पट्टा बांधून, विभावरीबाईंनी विहिणीची खातिरदारी सुरू केली.

"रुचिरा, चहा ठेव. आणि तो चमचा राहू दे तिथंच."