चौदा खेकडे आणि एक खराटा

"गोणपाट भिजवा, मोरीत ठिवा, तोंड बांधल्यालंच ऱ्हाऊ द्या. बाकी कायबी करू नगा, इवाई."

ठकुबाईंनी फोनवर हे तीनदा बजावले होते. गुंजवण्याहून त्यांनी सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे चौदा जिवंत खेकडे धाडले होते. दुपारच्या गाडीने त्या स्वतः भोरला येऊन, लेकीच्या घरी कालवण करणार होत्या.

लेक अश्विनी नोकरीवर गेलेली. घरात तिचे सासरे, ग्रंथालयातून निवृत्त झालेले आनंदराव, एकटेच. गेल्या लावणीला विहिणीच्या शेतावर ते बांधावरून घसरले होते आणि रोपांचा अख्खा वाफा घेऊन आडवे झाले होते. ठकुबाई तेव्हा एक शब्द बोलल्या नव्हत्या. तेच आनंदरावांना लागले होते. आज तरी शोभा होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा.

पण पोते खुसफुसू लागले. विहिणीकडून आले म्हणजे पाहुणेच. त्यांना असे कोंडून कसे ठेवायचे? आनंदरावांनी प्राण्यांचे जाडे पुस्तक काढले. खेकडा पाण्यात राहतो, असे त्यात होते. त्यांनी बादली काठोकाठ भरून पोते तिच्यात रिकामे केले. पान उलटले, तर साचलेल्या पाण्यात तो गुदमरतो, असे निघाले. घाईघाईने त्यांनी बादलीत खराटा उभा केला, म्हणजे ज्याला हवा हवी त्याने वर यावे. मग निवांत चष्मा पुसून ते पुढे वाचू लागले. तिसऱ्या पानावर, खेकडा उत्तम चढतो, असे होते.

बादली रिकामी होती.

एक सिलिंडरमागे दिसला. त्याने आनंदरावांच्या अंगठ्याला नांगी लावली. दुसरा चपलेत होता, तिसरा पुस्तकांच्या कपाटाखाली शिरला. बाकीचे कुठे गेले, हे विचारायलाही कोणी नव्हते.

ठकुबाई आल्या तेव्हा ते स्टुलावर पाय वर घेऊन बसले होते. ठकुबाईंनी बादली पाहिली, खराटा पाहिला, अंगठा पाहिला.

"समदं सुटलं?"

"हो."

"बरं. च्या ठिवा."

त्यांनी खिडक्या लावल्या, गोणपाट भिजवले आणि घडी करून मोरीच्या कोपऱ्यात टाकले. मग स्वस्थ चहा प्यायला बसल्या.

"शोधायचे नाहीत?" आनंदरावांनी भीत भीत विचारले.

"कशाला? त्याला ओल पायजे अन् अंधार. धराया गेलं की चावतंय. जागा करून दिली की आपसूक येतंय."

तासाभराने त्यांनी घडी उचलली. खाली तेरा खेकडे दाटीवाटीने बसले होते. एवढी वर्षे पुस्तके वाचून आपण काय शिकलो, असे आनंदरावांना वाटून गेले.

"माझ्या हातून पुन्हा..." ते म्हणाले.

"न्हाई ओ. भरल्या बादलीत ऱ्हायलं असतं तर एकबी जगला नसता. शिडी दिली त्ये ब्येस केलं."

ही स्तुती की टोमणा, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी भीत भीतच त्यांनी ती स्तुती धरली.

"चौदावा कुठाय?"

"पुस्तकांत असेल."

"वाचू द्या मग."

संध्याकाळी कामावरून आल्यावर जेवताना अश्विनी म्हणाली, "आई, खेकडे काय ताजे राहिलेत गं."

"तुज्या सासऱ्यांनी संभाळलं," ठकुबाई चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाल्या आणि मोठी नांगी त्यांच्या ताटात वाढली.

रात्रीच्या शेवटच्या गाडीने त्या गेल्या. आनंदरावांनी खांद्यावरचा पंचा भिजवला, त्याची घडी करून कपाटाच्या पायाशी ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.

बाकी काहीही केले नाही.