मुलीकडचे दुरोजाये

"फक्त गुंड्या राहिल्यात साहेब," असं मुफुताऊ शिंप्याने सोमवारी सांगितलं होतं. मंगळवारी गुंड्या आल्या, पण वीज गेली. बुधवारी वीज आली, तर मुफुताऊच्या आत्याचा पाय सुजला. गुरुवारी सूज उतरली आणि मशीन बिघडलं. शुक्रवारी दुकानच बंद. आता शनिवार उजाडला होता, लग्न दहा वाजता अबेओकुत्याला होतं, आणि दुरोजाये इबादानमध्ये, मुफुताऊच्या दुकानात, बनियन घालून बाकावर बसले होते.

दुरोजाये पाणीपुरवठा खात्यात उपसंचालक होते. त्यांच्या एका सहीसाठी लोक महिनोन्‌महिने बाकावर बसत. त्यामुळे बाक ही वस्तू त्यांना चांगली माहीत होती, फक्त समोरच्या बाजूने.

लग्न इबिदुनचं होतं. इबिदुन त्यांच्या बायकोची भाची. बाप गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षांची असल्यापासून, ती दुरोजायेंच्याच घरी वाढली. तिला त्यांनी औषधशास्त्र शिकवलं आणि तिने प्रेम केलं ते एका शिंप्यावर. शिंपी म्हटलेलं इबिदुनला खपत नसे. कोलापो लेगॉसमधला फॅशन डिझायनर होता, त्याने शिवलेले कपडे गाणारे-नाचणारे लोक घालत. "शिंप्याला इंग्रजीत हाक मारली म्हणून तो बॅरिस्टर होत नाही," दुरोजाये म्हणत. कोलापोची स्वतःची विजार इतकी तंग असे की ती तो घालतो की अंगावरच शिवून घेतो, असा दुरोजायेंना प्रश्न पडे. त्याचा कुर्ता धड गुडघ्यापर्यंत नाही, टोपी धड कानापर्यंत नाही. अशा माणसाला मुलगी द्यायची तर निदान सहजासहजी द्यायची नाही, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

लग्नविधी चालवायला मुलीकडून जी बाई ठरवतात, तिला अलागा म्हणतात. वराकडच्यांना दारात अडवायचं, टोमणे मारायचे, नाचवायचं आणि सासरच्या माणसांपुढे लोटांगण घालायला लावायचं, हे तिचं काम. दुरोजायेंनी या बाईला पाहिलं नव्हतं, पण फोनवर सूचना मात्र लेखी हुकमासारख्या दिल्या होत्या. "बाई, कुणी कितीही मोठा असो, माझ्या पोरीच्या दारात आला की जमिनीला नाक लागलं पाहिजे. वाद घालील त्याला दोनदा."

"साहेब, तुम्ही निश्चिंत राहा," बाई म्हणाली होती. "मी राजालाही सोडत नाही."

"झालं बघा!" मुफुताऊने आतून एक गठ्ठा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. दुरोजायेंनी तो उलगडला. उलगडतच राहिले. अग्बादा हा झगा घोळदार असतो हे खरं, पण यात त्यांच्यासोबत आणखी एखादा नातेवाईक सहज राहिला असता.

"अरे, हा माझ्या मापाचा आहे?"

"साहेब, हा मापाचा नाही, मानाचा आहे. हल्लीची पोरं मापात घालतात. मोठ्या माणसाने मानात घालायचा."

हे वाक्य दुरोजायेंना पटलं. दुसरी शंका रंगाची होती. झगा गडद लाल होता. लग्नात दोन्ही घराण्यांचं आपापलं एकसारखं कापड ठरतं, आणि आपलं कापड हिरवं होतं असं त्यांना उगाचच वाटत होतं.

"आमचं लालच होतं का रे?"

"तुमच्या मॅडमनी दिलेलं कापड, साहेब. मी कशाला रंग बदलू? मी शिंपी आहे, रंगारी नाही."

दुरोजायेंनी बायकोला फोन लावला. मोरेनिके दोन दिवस आधीच माहेरी अबेओकुत्याला गेली होती. मागे ढोल वाजत होते, बायका ओरडत होत्या.

"अगं, आपल्या कापडाचा रंग कोणता?"

पलीकडून नुसतं 'हं' आलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात दुरोजाये या 'हं'ला ओळखून होते.

"मी तीन आठवड्यांपूर्वी सांगितला तो," मोरेनिके म्हणाली. "परवा सांगितला तो. निघताना दारात सांगितला तो. अहो, मी डोक्याला गेले बांधून घेतेय, मान हलवता येत नाही मला. वेळेवर या." आणि फोन बंद.

गेले म्हणजे बायकांनी डोक्याला बांधायचं कडक, उंच कापड. त्याच्या पायी घरातले किती तास गेले, याचा हिशेब दुरोजायेंनी कधीच सोडून दिला होता. पुन्हा फोन करण्यात अर्थ नव्हता. त्यांनी लाल झगा चढवला, लाल टोपी घातली आणि आरशात पाहिलं. आरशात एक सरदार उभा होता. सरदाराला रंग विचारायची पद्धत नसते.

रस्त्यात एक ट्रक आडवा पडला होता, त्यामुळे अबेओकुत्याला पोचेपर्यंत साडेदहा झाले. मांडवाच्या दाराशी गाडीतून उतरले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. बाहेर चाळीसएक माणसं उभी होती, सगळी गडद लाल कपड्यांत. "बघ, उगाच संशय घेतला," ते स्वतःलाच म्हणाले आणि गर्दीतून वाट काढत थेट दारापाशी गेले.

दारात जरीचा पोशाख केलेली, हातात माइक घेतलेली एक भक्कम बाई आडवी उभी होती.

"कुठे निघालात काका?"

"आत. मी मुलीकडचा आहे."

"हो का? बरं झालं सांगितलंत," बाई माइकमधूनच म्हणाली. "मघाशी यांच्यातला एकजण म्हणाला, मीच मुलगी आहे."

आतबाहेर हशा पिकला. दुरोजायेंनी आवाज चढवला. "बाई, मी दुरोजाये! तुम्हाला ठरवलं ते मीच!"

"दुरोजाये साहेब केव्हाचे आत बसलेत. मी स्वतः हाताला धरून पहिल्या ओळीत बसवलं. हिरव्या कपड्यातले. घरातले मोठे काका तुम्हीच ना, विचारलं, तर हो म्हणाले. तुमच्यासारखे आरडाओरडा करणारे नाहीत ते. घराण्याचं वळणच वेगळं असतं."

दुरोजायेंनी टाचा उंचावून पाहिलं. मांडवात सगळं हिरवंगार होतं. आणि पहिल्या ओळीत, त्यांच्या खुर्चीवर, त्यांच्या मापाच्या हिरव्या अग्बाद्यात एक अगडबंब म्हातारा कोंबून बसला होता. शिवण उसवू नये म्हणून तो श्वास जपून घेत होता. ते कोलापोचे थोरले काका, बाबा लासिसी. पुतण्याच्या तंग कपड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून तेही इबादानला मुफुताऊकडेच शिवायला टाकत. गुरुवारी संध्याकाळी ते आपला गठ्ठा घेऊन गेले होते. म्हणजे दुरोजायेंचा गठ्ठा.

आता बायकोला फोन करणं भाग होतं. फोन विजारीच्या खिशात होता आणि विजार झग्याच्या आत कुठेतरी होती. दुरोजाये एक थर उचलत तर खाली दुसरा निघे. तेवढ्यात ढोल वाजले, मागून चाळीस माणसांचा रेटा आला आणि मुलीकडचे दुरोजाये मुलाकडच्यांच्या वरातीत नाचत, म्हणजे ढकलले जात, मांडवात शिरले.

"पुरुष मंडळी पुढे!" अलागा ओरडली. "मोठ्या झग्याचे काका सगळ्यांत पुढे. नवऱ्या मुलाच्या बाजूला. हां! आता मुलगी मागायला आलात ना? मग लोळा!"

चाळीस माणसं धाडकन पालथी पडली. एकटे दुरोजाये उभे राहिले. त्यांना वाटलं, आता तरी कुणी ओळखील. ओळखलं ते त्यांच्या मेहुण्याने, सुनमोनूने. दुसऱ्या ओळीत बसलेल्या सुनमोनूने भावोजींकडे पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं आणि मग एखादा शहाणा माणूस जे करील तेच केलं. मोबाइल काढून तो चित्रण करू लागला. दुरोजाये त्याला दोन्ही हात हलवून खुणा करू लागले.

"अगं बाई! हे काका तर आमच्या बायकांना हात करतायत!" अलागा म्हणाली. "मुलगी एकच द्यायचीय काका, तीही तुम्हाला नाही. लोळा!"

मागच्या दोन दांडग्या मित्रांनी प्रेमाने खांदे दाबले आणि पाणीपुरवठा खात्याचे उपसंचालक चटईवर आडवे झाले. झगा सावकाश त्यांच्यावर उतरला. आत अंधार होता आणि कापडाला मुफुताऊच्या इस्त्रीचा वास होता. त्यांनी कडेने डोकं बाहेर काढलं. दोन वितीवर कोलापोचं तोंड होतं.

"बाबा?" कोलापोचे डोळे पांढरे झाले. "तुम्ही इथे?"

"गप पड."

"पण बाबा, मी तुमच्या बरोबरीने कसा पडू? मी खाली पाहिजे."

"आणखी खाली कुठे जाणार? जमीन लागलीय."

कोलापो संस्कारी मुलगा होता. खाली जाता येईना, म्हणून तो सासऱ्याच्या मागे राहण्यासाठी पोटावरच मागे सरकू लागला. त्याचे पाय मागच्या मित्राच्या तोंडाला लागले, तो मित्र सरकला, त्याच्या मागचा सरकला आणि सगळी ओळ वाकडी झाली.

"ही कसली रांग? हे लोटांगण की सांडलेले वाटाणे? पुन्हा!" अलागा गरजली.

पुन्हा उठले, पुन्हा पडले. या वेळी कोलापोने जाता जाता सासऱ्याच्या झग्याचा घोळ दोन बोटांनी असा काही उचलून खांद्यावर टाकला की दुरोजायेंना निदान श्वास घेता आला. शिंप्याच्या बोटांत काहीतरी असतं, असा एक विचार त्यांच्या मनाला चाटून गेला. त्यांनी तो तिथल्या तिथे फेटाळला.

मग मुलाकडचं मागणीपत्र वाचून झालं. अलागा हिरव्या बाजूकडे वळली. तिचा आवाज मऊ झाला. "मुलीकडच्या थोरल्यांनी उत्तर द्यावं. साहेब, यांना आपली मुलगी द्यायची का?"

बाबा लासिसींना वाटलं, वराकडच्यांपैकी आपणच मोठे म्हणून आपल्याला विचारलंय. ते हात अंगापासून लांब धरून जपून उठले. "द्यायची! का नाही? दिली!"

"साहेब, काही विचारायचं नाही? मुलगा कसा आहे, काय करतो?"

"मला काय विचारायचंय? पाळण्यात होता तेव्हापासून बघतोय मी त्याला. एक नंबर पोरगा."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकी आधीपासून चौकशी केलेलं मुलीकडचं घराणं कुणी पाहिलं नव्हतं. ज्या उत्तरासाठी दुरोजायेंनी बारा कडक प्रश्न काढून ठेवले होते, ते उत्तर मुलाकडच्यांनीच मुलाकडच्यांना देऊन टाकलं.

"अरे, तो त्यांचाच माणूस आहे!" दुरोजाये अर्धवट उठून ओरडले. "ही फसवणूक आहे! माझा आक्षेप आहे!"

अलागाने मान हलवली. "काका, मुलीच्या घरच्यांचा मला हुकूम आहे. वाद घालील त्याला दोनदा."

आपलाच हुकूम आपल्यावर बजावला जाताना कसा लागतो, हे अनेक वर्षांच्या नोकरीत त्यांना प्रथमच कळलं. सरकारी माणूस हुकमापुढे दुसरं काय करणार? ते मुकाट्याने पडले. उठले. पडले.

"थांबा."

पहिल्या ओळीच्या मधोमध दुरोजायेंच्या सासूबाई बसल्या होत्या. वय सत्त्याऐंशी, दृष्टी अधू, कान तल्लख. त्यांनी काठी उचलली तसे ढोल थांबले.

"तो ओरडला तो आवाज दुरोजायेचा आहे."

"सासूबाई, मी..." जमिनीवरून आवाज आला.

अलागाचा हात तोंडावर गेला. सुनमोनूने मोबाइल आणखी जवळ धरला. नेमकी त्याच वेळी मोरेनिके इबिदुनला घेऊन आतून मांडवात आली आणि नवऱ्याला चटईवर पालथा पाहून जागीच थबकली. डोक्यावरचं गेलेसुद्धा हललं नाही.

"सत्तावीस वर्षं झाली," सासूबाई म्हणाल्या. बोलणं संथ होतं, पण पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "माझी पोरगी याने कोर्टात नेऊन सही करून घेतली. सूटबूट घालून. शिकलेली माणसं लोळत नाहीत म्हणाला. पोस्टाने एक फोटो पाठवला मला. दर वर्षी हा माझ्या घरी जेवून जातो. मी कधी चकार शब्द काढला नाही. म्हटलं, पोरगी सुखात आहे, जाऊ दे. पण वाट बघत होते." त्या थांबल्या. "एकट्याने यायची लाज वाटली असेल. म्हणून दुसऱ्याचे कपडे घालून गर्दीत येऊन पडला. पण आला."

दुरोजायेंनी खुलासा करण्यासाठी तोंड उघडलं. मुफुताऊ, गठ्ठा, वीज, आत्याचा पाय, सगळं क्रमवार सांगता आलं असतं. पण म्हातारीचा हात पुढे आला होता आणि हवेत त्यांचं डोकं शोधत होता. त्यांनी मोरेनिकेकडे पाहिलं. ती रडत नव्हती. वेगळ्याच नजरेने बघत होती, जणू तिच्यासाठी कुणीतरी मागणी घेऊन आलंय आणि होकार द्यावा की नाही, हे तिचं अजून ठरायचंय.

दुरोजायेंनी आयुष्यात पहिल्यांदाच खुलासा केला नाही. ते गुडघ्यांवर सरकत पुढे गेले आणि टोपी काढून डोकं त्या हाताखाली नेलं.

सासूबाईंनी ते नीट चाचपलं. "टक्कल पडलं की रे तुला," त्या म्हणाल्या. "मघाशी मला धड दिसलं नाही. मध्ये माणसं फार होती. आता परत एकदा. एकट्याने."

लाल कपड्यांची माणसं आपणहून बाजूला झाली. कोलापोने पुढे होऊन सासऱ्याच्या झग्याच्या बाह्या गोळा करून दिल्या. मोरेनिकेने आईशेजारची खुर्ची ओढून घेतली, घोळ सावरला, गेले सारखं केलं आणि ऐसपैस बसली.

"सावकाश होऊ द्या हो," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."